डावीकडची भट्टी

५ एप्रिल, रविवार

त्यांच्या बाजूला हिमालय आणि माझ्या बाजूला भट्टी! हा कुठला न्याय? गाडी एक, एसी एक, दोघांत हातभर अंतर. ते गार वाऱ्यात शीळ घालतायत आणि मी पापडासारखी भाजतेय! वाटेत नरसीपूर येईपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला, अंबाडा सुटला. सोसले गावी आईच्या दारात उतरले तर आई विचारते, "का गं, चालत आलीस काय?"

सयाजीरावांची ती लाल, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स गाडी. वीस वर्षांच्या वर झाली असेल. बसायचं म्हणजे जमिनीवर पाट टाकून बसल्यासारखं. ते आधी सहन केलं. पण हे एसीचं बटण! माझ्या बाजूचा आकडा ते अठरावर आणतात. हात काढला की आपला आपण चढतो — एकोणीस, बावीस, पंचवीस — थेट बत्तीस! तिथे मांडी घालून बसतो. पुन्हा दाबतात, पुन्हा चढतो.

येताना बोललेच. "सयाजीराव, या भट्टीत मी पुन्हा बसणार नाही. बस बरी."

शीळ तेवढी बंद झाली.

६ एप्रिल, सोमवार

झालं! गाडी विकतायत.

सकाळी डबा परत द्यायला आले तेव्हा दारातच सांगितलं. बंगळूरचा कोणी विक्रांत म्हणून मुलगा वर्षभर मागे लागलाय, येत्या रविवारी बघायला येतो. मी विचारलं, का? तर म्हणाले, "तुम्हाला त्रास होतो. तुम्हीच म्हणालात."

मी म्हणाले! माझी जीभ म्हणजे कात्री. समोर कापड कुठलं आहे बघत नाही, चालते.

कोणाला सांगू? सून आहे, सुमा, माझ्या निशांतची बायको. गुणाची आहे. पण ती कन्नड, मराठी अक्षर तिला येत नाही — म्हणून तर ही वही मराठीत. माझंही शिक्षण चौथी, तेही कन्नड शाळेत. ही अक्षरं बाबांनी शिकवली. काना-मात्रा चुकला तर चुकला. वाचणार कोण आहे?

तर लिहून टाकते. आमचे यजमान महादेवराव जाऊन नऊ वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं दर रविवारी सयाजीराव मला सोसलेला आईकडे नेतात. म्हणतात, जुनी गाडी उभी राहिली की बिघडते, तिला पळवायलाच हवी, तुम्ही बसलात तर काय ओझं होतंय. आई भेटते हे खरं. पण आई म्हणजे अर्धा रविवार. उरलेला अर्धा जाता-येतानाचे दोन तास.

गाडी गेली की ते दोन तास गेले. शेजारच्या गल्लीत एकटेच राहतात, पण विधवा बाईने कुठल्या निमित्ताने जायचं? या कुवेंपुनगरात गॅलऱ्यांना डोळे आहेत.

पाच दिवस आहेत. बटण दुरुस्त झालं पाहिजे!

७ एप्रिल, मंगळवार

मंजुनाथकडे गेलो. तो गाड्यांचं वायरिंग करतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले.

त्याने फ्यूज बघितला. ठीक. बॅटरीची वायर काढली, अर्धा तास ठेवून परत लावली. अठरावर आणलं — चढला बत्तीसला! मग दोन बटणं एकदम दाबून धरली, म्हणे असं केलं की यंत्र स्वतःलाच तपासतं. आत गरम हवेचं एक झाकण आहे, ते हलवायला छोटी मोटर. कान लावला. टकटक वाजतेय, मोटर जिवंत.

शेवटी हात पुसून म्हणाला, बटणांची पेटीच गेली. एवढ्या जुन्या गाडीची इथे मिळत नाही. बाहेरच्या देशातून कोणाची तरी वापरलेली मागवायची, दोन महिने.

दोन महिने!

म्हटलं, "पेटी गेली तर सयाजीरावांची बाजू कशी चालते रे?"

"अम्मा, तो कॉम्प्युटर आहे."

"असू दे की! मग आकडा नेहमी वरच का चढतो? कधी चुकून खाली का जात नाही?"

तो हत्यारं आवरायला लागला. माझं डोकं सांगतं, वरचं बटण कोणीतरी दाबून धरलंय. माणूस तर नाही. म्हणजे बटणच आत अडकलंय. माझ्या शिलाई मशीनचा उलट्या टाक्याचा खटका अडकला की मशीन मागे-मागेच जाते. तेव्हा काय मी मशीन फेकते?

सयाजीराव हसले. "सिंधूबाई, गाड्या कधीपासून शिवायला लागलात?"

हसू देत. पेटी तेवढी काढून द्या म्हटलं, बाकी मी बघते.

८ एप्रिल, बुधवार

मंजुनाथ उद्या म्हणतो. तीन फोन केले. अय्यो, हा माणूस उद्यावरच जगतो!

९ एप्रिल, गुरुवार

पेटी आणली! मंजुनाथने प्लॅस्टिकची पट्टी घालून पुढची चौकट सोडवली, दोन स्क्रू काढले, मागच्या वायरी ओढल्या. "अम्मा, तुटली तर मला विचारू नका." नाही विचारत, जा.

शिलाई मशीनच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला आणि मागचं झाकण उघडलं. बटणांच्या मागे लाल-लाल. आधी वाटलं गंज. प्लॅस्टिकला गंज कसा चढेल? नखाने खरवडलं. वास घेतला.

कुंकू. हळद. आणि त्याखाली सुकलेला चिकट पाक — पंचामृत!

मीच!!

आयुधपूजा! सहा वर्षं दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या गाडीची पूजा मीच करते. सयाजीराव म्हणायचे, स्टिअरिंगला एक बोट लावा, पुरे. मी म्हणायचे, देवाला अर्धंमुर्धं कशाला? अकरा बटणं, अकरा बोटं ओलं कुंकू. वरून पळीने पंचामृत शिंपडायचं, मध-साखर सढळ हाताने घातलेलं. आणि मी बसायचे कुठे? डाव्या सीटवर, ताट मांडीवर घेऊन! सगळ्यांत जवळ माझ्याच बाजूची दोन बटणं. सगळ्यांत जास्त प्रसाद त्यांनाच!

म्हणजे सहा वर्षं मी माझीच भट्टी पेटवत होते, तीही मंत्र म्हणत.

हसू आवरेना. सुमा धावत आली, "अत्ते, एकट्याच काय हसताय?" दाखवलं. ती खालीच बसली हसून-हसून. मग डोळे पुसत म्हणाली, "काकांना सांगणार?"

"बेडा! अजिबात नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "गाडी गेली तर तुम्हाला वाईट वाटेल ना, अत्ते? गाडीचं नाही म्हणत मी."

चाळीस ब्लाउज शिवायचे पडलेत म्हटलं, जा.

१० एप्रिल, शुक्रवार

स्पिरिट, कापूस, जुना टूथब्रश. सकाळपासून तेच. बटणांखाली एक रबराची चादर असते, तिला प्रत्येक बटणाखाली फुगा. ती साबणाच्या पाण्यात धुऊन फॅनखाली वाळवली. वरचं बटण उडी मारून वर यायला लागलं. नवरीसारखं टवटवीत!

दुपारी मंजुनाथकडे पेटी नुसती वायरीला जोडून बघितली. आकडा आता आपोआप चढत नाही. शाबास! आणि खालचं बटण दाबलं तर उतरतही नाही. हात तिच्या!

मंजुनाथचं तोंड सुरू झालं, "मी म्हटलं होतं ना..."

सुमा स्कूटरवर सोडायला आली होती. ती म्हणाली, आमचा टीव्हीचा रिमोट असाच करतो, मी आतल्या काळ्या ठिपक्याला पेन्सिल घासते, तिच्या शिशातून वीज जाते म्हणे. उघडलं परत. खरंच, रबराच्या फुग्याच्या पोटात काळा ठिपका, बाकीचे काळेभोर आणि हा झिजून राखाडी. माझ्या पर्समध्ये माप लिहायची पेन्सिल असतेच. घासली.

एकतीस. तीस. एकोणतीस. अठरा!! तिथेच थांबला. पाच मिनिटं कोणी हललं नाही.

मंजुनाथ म्हणाला, "काही महिने टिकेल, अम्मा. मग परत घासा." आणि हळूच विचारतो, "आणखी एका गाडीची बटणं आहेत, बघता का?"

११ एप्रिल, शनिवार

पेटी बसली. रिंगरोडवर एक फेरी. माझ्या बाजूला थंड! इतकं थंड की पदर ओढून घेतला. सयाजीराव आकड्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. रस्त्याकडे बघा म्हटलं.

"काय झालं होतं हो?"

"धूळ," म्हटलं. खोटं बोलले.

"आता विकायचं कारण उरलं नाही," असंही म्हटलं. ते म्हणाले, "त्या मुलाला या म्हणून बसलोय. येऊ दे." बस. एवढंच! माणूस आहे की बंद पाकीट?

१२ एप्रिल, रविवार

विक्रांत आला आणि बसल्या-बसल्या पहिलं बोट कुठे? त्याच बटणावर! आणि ओरडलाच, "सर! या गाड्यांत ही बटणं कोणाचीच धड नसतात. तुमची चालतात!" आजच नेतो म्हणत होता.

घ्या. न विकावी म्हणून दुरुस्त केली, तर दुरुस्त झाली म्हणून जातेय. मेहनत माझी, फळ बंगळूरला!

सयाजीरावांनी त्याला शुक्रवारी सांगतो म्हटलं. सांगताना माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून ते थांबले होते, कळलं मला. आणि ही जीभ — आयुष्यभर न विचारता चालणारी — नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली.

सोसलेला गेलो नाही. भावाचा फोन आला, आई विचारतेय.

१३ एप्रिल, सोमवार

कुंकवाचं सांगून टाकलं. रस्त्यात, भाजीच्या पिशवीसकट. खोटं पोटात राहत नाही माझ्या.

ते म्हणाले, "माहीत आहे. मंजुनाथने पेटी काढतानाच फटीतलं लाल दाखवलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दसऱ्याला तुम्ही ताट घेऊन आला नसतात."

आणि गेले! एवढं बोलून भाजी घ्यायला गेले! मी तिथेच उभी. कोथिंबिरीवाली दोनदा म्हणाली, बाजूला व्हा अम्मा.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी सात वाजता त्यांच्या दारात गेले. समोरच्या गॅलरीत दोघी उभ्या होत्या, असू देत. बसा म्हणाले, बसले नाही. म्हटलं, गाडी त्या मुलाला द्या नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. सोसलेला मला बसने जाता येतं. माझ्याशी लग्न करता का, तेवढं सांगा. निशांतला आणि सुमाला मी बघून घेते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे — होय किंवा नाही. विचार करतो, हे चालणार नाही!