बोडीटोल्याच्या फोनचं जास्तीचं शून्य

मु. बोडीटोला, ता. एटापल्ली
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

जावईबापू पिंटूरावांना सोमाजीचा रामराम.

तुमची तब्येत, तुमच्या आईचे गुडघे, डिंपलचं खाणंपिणं अन् तुमच्या मोटारसायकलचं इंजन, सारं ठीक असंल अशी आशा करतो. इथी आमी दोघं बरे आहो. तुमच्या सासूबाईची कंबर दुखते, पण बोलणं शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाई.

पयले तुमचे आभार मानून घेतो, कारण पुढचं वाचून तुमी रागावसान. आपल्या गावात मोबाइलचा टावर नाई. पंचायतीतून इंटरनेटची तार घरोघरी आली तवा तुमी ती काळी डबी आणली, आमचा जुना लाल फोन तिले जोडला, अन् पाच मिनटात तुमच्या सासूबाईनं, कुंतानं, लेकीचा आवाज ऐकला. (ती रडली. तुमी चहा पेत होते, तुमच्या ध्यानात आलं नसंल.) जाताना तुमी बोलले होते, बाबा, महिनाभर फोन नीट चालला तं डिंपलले बाळंतपणाले माहेरी पाठवतो, नाई तं नाई. पयलं बाळंतपण माहेरीच, हे कुंतानं नवसावाणी धरून ठेवलेलं. म्हणून त्या डबीत आमचा सारा जीव अडकला होता.

तुमी डबीत नियम टाकले, अन् पासवर्डासंगं कापीत, म्हणजे वहीत, बी लिहून गेले का दहाच आकडे दाबा, समोरचं शून्य डबी आपल्या मनानं लावते, अन् आकडे जास्त झाले तं फोन लागत नाई. साधं होतं. पण कुंता एसटीडी बूथच्या काळातली बाई. शून्य लावल्याशिवाय फोन गावाची शीव ओलांडत नाई, असं तिले पक्कं ठाऊक. ती शून्य दाबे, डबी टूंटूं करे. मी म्हणलं, बाईले बदलवण्यापरीस डबी बदलवणं सोपं. बावीस वर्षं मी मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो, जुना ठराव रद्द करून नवा लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ. कापीतला पासवर्ड टाकला, तुमचे नियम साऱ्याच्या सारे पुसले अन् एकच लिहिला का कोणी काही बी दाबो, समोर शून्य लावून सोडून देजो. फोन लागला! मी मिशीवर हात फिरवला.

आता कुंताचं एक शून्य अन् डबीचं एक. दोन शून्यं झाली का फोन देशाबाहेर जाते, अन् डिंपलचा नंबर नेमका ९६० नं सुरू होते, तो निघाला मालदीवचा आकडा. (हे मागून पंचायतीतल्या मंजुषानं सांगितलं, अन् लय हासली.) तिकडं एका बाईनं उचलला. हिंदी बोले, पिक्चर पाहून शिकलेली. कुंताले वाटलं तुमची घुग्घुसची शेजारीण असंल, कोळशाच्या खाणीवर काय, देशभरची माणसं. डिंपल कशी आहे म्हणलं का ती बिचारी म्हणे, अच्छी है, अच्छी है. लेक झोपली असंल म्हणून कुंतानं बोलावलं बी नाई. मंग दोघी मासोळीवर आल्या. पाच दिवस! रोज सकाळी! तिनं नारळ घातलेली मासोळी सांगितली, आमच्या कुंतानं, ढिवराच्या पोरीनं, अंबाडीतले झिंगे सांगितले.

पाचव्या दिवशी कुंतानं विचारलं, पाणीपाऊस कसा? बाई म्हणे, चारों तरफ पानी ही पानी है, बहन. कुंताच्या हातून फोनच पडला. वर्धा नदी घुसली, पोर आठव्या महिन्यात, जावई ड्युटीवर! तिनं असा हंबरडा फोडला का मी बोडीवरून, तळ्याच्या पाळीवरून, धावत आलो. डिंपलले फोन लावला, घाईत शून्य दाबायचं इसरलो, म्हणून लागला. डिंपल म्हणे, बाबा, इथी अंगण कोरडं ठणठणीत आहे, पण आईनं पाच दिवस फोन काऊन नाई केला, मी रोज वाट पाहून राह्यली. तुह्या आईनं रोजच केला होता, हे मले सांगता आलं नाई.

मंग कापी उघडून तुमचे नियम एकेक करून परत टाकले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. १०८ ले शून्य लावू नये. जावईबापू, माझ्या नियमानं पाच दिवस ॲम्बुलन्सले फोन लागलाच नसता. तुमी आमचा एवढा विचार करून ती ओळ लिहिली, अन् मी शहाणा ती पुसून मोकळा झालो. त्या एका ओळीसाठी तुमचे उपकार जन्मभर इसरणार नाई.

नियम परत टाकायच्या आधी मालदीवच्या बाईची मी फोनवर माफी मागितली होती. तिनं रागावायचं सोडून डिंपलसाठी दुआ केली. जगात अशी माणसं आहेत म्हणून चाललं आहे.

कुंतानं बी शून्य सोडलं, आता फोन एकदम फर्स्टक्लास चालते.

तुमचा,
सोमाजी

ता.क. फर्स्टक्लास चालते हे कुंता बाजूले बसली होती म्हणून लिहिलं, ती वाचते. आता ती पाण्याले गेली. खरं असं का लाइट गेली तं डबी मरते, अन् मागच्या हप्त्यात दोन दिवस मेलेली होती. डिंपलले इथी पाठवू नोका. कुंतालेच तिकडं बोलवा. लेकीच्या घरी जाऊन राहणं आमच्यात नाई, ती आपल्या तोंडानं म्हणणार नाई, अन् मी म्हणलं तं मलेच खाईल. पण जावयानं बोलावल्यावर तिले नाई म्हणता येत नाई. तुमीच फोन करा, म्हणा, आई, मले एकट्याले जमत नाई, तुमी या. ही चिठ्ठी फाडून टाका.

ता.क. दुसरं. माझी काळजी करू नोका, भात रांधता येते. एकच मागतो. लेकरू झालं का इथी फोन लावा, अन् लाइट गेलेली असंल तं येईपर्यंत लावत राहा. मुलगा का मुलगी ते बी सांगू नोका, कोणी काही बोलू नोका. फोन त्याच्या तोंडापाशी धरा अन् मले त्याचं रडणं ऐकू द्या.