जवळची डीपी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या इंजिनियरची नोंद राहिली पाहिजे. सासरे, माणिकराव, मेहकर रोडवरच्या शेतात इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग हब काढतायत. डिझाइन माझं. चाललं तर मॅनेजर मी. नाही चाललं तर पुन्हा त्यांच्या कृषी केंद्रात खताची पोती उतरवायची. पण तो प्रश्नच येत नाही.

५ मार्च, सकाळी ११
सर्व्हे. शेतातल्या मोटारपंपांची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, साठ पावलांवर. चार्जरला लागणारी थ्री फेज तिथूनच घेणार. कडूबा नावाचा एक मोटार दुरुस्त करणारा मध्येच म्हणे, जावईबापू, ह्या डीपीवर थ्री फेज एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री राह्यते. गावातली लाइन घ्या, थे चोवीस तास हाये. गाव दीड किलोमीटर! टेस्टर लावला. तिन्ही फेज ठणठणीत. आठवी नापास माणूस मला वीज शिकवतो. पुण्यात सहा महिने काढलेत मी.

१२ मार्च
साइटवर गेलो नाही. उन्हात कडूबासारख्यांनी जावं. फॅनखाली ड्रॉइंग. लाल, पिवळी, निळी रेघ. फारच सुंदर. सारिका म्हणाली, कडूबाभाऊंना एकदा दाखवा. बायकोला काय सांगणार!

२० मार्च, दुपारी २
चार्जर बसला. पहिल्या फटक्यात सुरू! कडूबाकडे बघून हसलो. म्हणे, ह्या हप्त्यात दिवसाचीच पाळी हाये ना. जळतो लेकाचा.

२५ मार्च
पाडव्याला उद्घाटन. मामेसासरे रंगरावांना फोन. सांगितलं, गाडी रिकामी करूनच आणा, हब काय असतं ते दाखवतो.

३० मार्च, पाडवा, सकाळी १०
मांडव, नारळ, लाउडस्पीकर. रंगराव खामगावहून आले. बॅटरी चार टक्के.

दुपारी १
एकाच फेजला वीज. लाउडस्पीकर चालतो, पंखे चालतात, चार्जर ढिम्म. चार्जरच फालतू.

दुपारी ३
कडूबानं पंपाच्या स्टार्टरची पेटी उघडली. झाकणाला आतून कागद चिकटवलेला. हा हप्ता, थ्री फेज रात्री दहा ते सकाळी सहा. सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, हे तं शेजारच्या जनकाबाईच्या नातवालेही मालूम हाये, तुमाले काऊन नाही? रंगराव मांडवातच आडवे झाले. दहा वाजेपर्यंत.

१ एप्रिल
हबचा मॅनेजर कडूबा. गावातली लाइन तोच ओढणार. सकाळपासून चाळीस पोती उतरवली. कंबर गेली.
संध्याकाळी हबवर गेलो. हळूच विचारलं, कडूबाभाऊ, थ्या कागदाची एक झेरॉक्स मले भेटन काय?