इराणातून आलेला पाट

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमचीच बोलणी खायची आहेत. आठवीत तुम्ही आम्हाला बीबी का मकबऱ्यात नेलं होतंत. सगळे घुमट बघतात; तुम्ही आम्हाला घुमटाकडे पाठ करून बसवलंत आणि बाग बघायला लावलीत. "चार भाग, मधून पाट, मध्ये हौद. ही मांडणी मोगलांनी इराणातून आणली. जिथे पाण्याची मारामार, तिथेच पाण्याचा एवढा थाट सुचतो." मी बागेचं चित्र काढलं आणि खाली 'आपली औरंगाबादची बाग' एवढंच लिहिलं. इराण मुद्दाम गाळला. इतकी देखणी गोष्ट बाहेरून आलेली म्हणवेना. तुम्ही चित्र माझ्यापुढे धरलंत. "कुठून आलं ते सांगायला लाज कसली वाटते गं तुला?" सगळा वर्ग हसला होता.

आता मी जर्मनीत, आखनला असते. नवरा इंजिनिअर. गावाबाहेर बागांच्या संस्थेचा, इथल्या भाषेत फेराइनचा, एक तुकडा आम्हाला भाड्यानं मिळालाय, तोही कितीतरी वाट बघून. शेजारचा तुकडा एका वयस्कर इराणी बाईंचा. त्यांना मी खानुम म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत बाई. तुमची गोष्ट सांगितली तर त्या खुर्चीतून उठल्याच. "तुझ्या शाळेत आमची बाग शिकवायचे?" मग आम्ही दोघींनी मधलं कुंपण काढलं आणि कुदळी घेतल्या. दोन वाफे त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे, मधून पाट, कुंपणाच्या जागी छोटासा हौद. हौदाशी खानुमनी गुलाब लावला. म्हणाल्या, "हा तुझ्या बाईंचा."

गेल्या शनिवारी फेराइनचे अध्यक्ष आले. परवानगीशिवाय खोदकाम केलंय, तुकडा काढून घ्यावा लागेल, असं म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तर मग, ही कल्पना कुणाची?" मी म्हटलं, "ही इराणी पद्धत आहे. यांची." खानुमनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "गेनाऊ. बरोबर आहे. माझीच." त्यांना महिनाअखेर तुकडा सोडायचाय. मी त्याच संध्याकाळी माझ्या बाजूचा पाट बुजवला आणि वर मेथी पेरली.

पद्धत इराणी, हे माझं उत्तर अगदी बरोबर होतं, बाई. तेव्हा बाग आपली वाटावी म्हणून मी इराण लपवला, आता ती माझी वाटू नये म्हणून इराण पुढे केला. मला माझी फार लाज वाटते आहे. काल खानुमनी तुमचा गुलाब मुळासकट काढून, कुंडीत लावून माझ्या दारात आणून ठेवला. दार वाजवलं नाही.

अध्यक्षांना फोन करून खरं सांगितलं, की खोदलं आम्ही दोघींनी, असं लिहून हे पत्र संपवायचं होतं. फोन समोरच आहे. पण मघापासून मी नुसती उठतेय, आणि त्या कुंडीला पाणी घालून परत येऊन बसतेय.