शेपूट

५ जानेवारी

पोचलो एकदाचा! डांबरी रस्ता संपतो तिथे एक टपरी, एक हापसा, आणि पुढे नुसती वाळू नि दगड. जन्मभर एका बोळातल्या दुकानात पंक्चरं काढली, आणि आता उतारवयात सायकल सफरीचा मिस्त्री म्हणून वाळवंट बघतोय. धाकटीला म्हटलं, बघ, तुझ्या बापाला नोकरी लागली. ती म्हणाली, बाबा, मिरवू नका, आधी टोपी घाला.

खरं सांगायचं तर नोकरी हे निमित्त. धाकटी वर्षभर फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. उठल्या उठल्या हट्ट धरला की वाळवंट सायकलनं पार करणार. एकटीला सोडायला माझा जीव होईना. सफरीला मिस्त्री हवाय असं कळलं, पान्यांची पिशवी उचलली आणि आलो. पोरीला धडधाकट घरी न्यायची, माझं खरं काम एवढंच.

मंडळी झकास आहेत. कप्तान ही सफर चालवतो. ट्रक तोच हाकतो, स्वयंपाकही तोच करतो. सायकलवाले चार. बँकेतून निवृत्त झालेले साहेब, दातांच्या डॉक्टरीणबाई, व्यायामशाळा चालवणारा पैलवान आणि आमची धाकटी. सकाळी ट्रक पाणी, तंबू आणि मला घेऊन पुढच्या मुक्कामी जातो, ही मंडळी सायकलींवर मागून येतात. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो शेपूट, आणि शेपटानं सगळ्यांची भांडी घासायची. पैलवानानं आजच साहेबांच्या हातात घासणी ठेवली. म्हणाला, सवय करून घ्या.

७ जानेवारी

साहेब रोजचेच शेपूट झालेत. भांडी मात्र लख्ख घासतात. म्हणतात, बँकेत एवढं मन लावून काम केलं असतं तर मॅनेजर होऊन बाहेर पडलो असतो. धाकटी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. वर्षभरानं तिला असं हसताना बघितलं.

संध्याकाळी मी सायकली पुसायला घेतो. इथे चेनला तेल चालत नाही, वाळू चिकटते; मेण लावावं लागतं. ब्रश मारताना साहेबांच्या फ्रीव्हीलच्या दात्यांत काहीतरी अडकलेलं दिसलं. पकडीनं ओढून काढलं. नख. माणसाचं असतं तसं, पण बोटाएवढं लांब, आणि मुळाशी ओलं मांस. मागच्या मडगार्डवर ओरखडे होते, कुणी धरायला बघावं तसे.

साहेबांना बाजूला घेऊन विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग हळूच म्हणाले, दुपारी कुणीतरी मागून चालत येतं हो मिस्त्री. अनवाणी. मी हळू झालो की तेही हळू होतं. वळून बघावं तर रस्ता मोकळा. कप्तानाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, साहेबांना ऊन लागलंय, मीठ-साखरेचं पाणी पाजा.

नख वाळूत पुरलं. धाकटीला बोललो नाही.

८ जानेवारी

साहेब गेले.

मुक्कामी आलेच नाहीत. आम्ही सगळे ट्रकनं मागे गेलो. त्यांची सायकल रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिला स्टँड नाही, कुणी धरलेली नाही, तरी उभी, आणि मागचं चाक फिरत होतं. साहेब बाजूला पालथे पडलेले. पाठ मानेपासून कमरेपर्यंत उघडलेली, गोणीची शिवण उसवावी तशी. डॉक्टरीणबाई वाकल्या, म्हणाल्या, मणका नाहीये, ओढून काढलाय. मग लांब जाऊन ओकल्या. वाळूत अनवाणी पावलं येताना होती. जाताना नव्हती.

फोनला रेंज नाही. कप्तानानं साहेबांना ताडपत्रीत गुंडाळून ट्रकमध्ये घातलं. उद्या उजाडताच सगळे ट्रकमध्ये बसून पुढच्या गावाकडे निघायचं ठरलंय. तेच सगळ्यात जवळचं. धाकटी माझ्या खांद्याला टेकून बसलीय. तिच्या छातीतली घरघर पुन्हा ऐकू येतेय.

९ जानेवारी

दगडाच्या आडोशाला बसून लिहितोय.

ऐन दुपारी ट्रकला मागून हिसका बसला. मागचा आख चाकांसकट उपटला गेला. आवाज असा, जणू लोखंड रडतंय. ट्रक उलटला. कप्तानाच्या बरगड्यांत स्टीअरिंग घुसलं. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, शेवटचा फुटला आणि थांबलं. मागच्या फाळक्याशी साहेबांचं गाठोडं ठेवलं होतं. ते ताडपत्रीसकट गेलं.

आमचं चौघांचं खरचटण्यावर निभावलं. पुन्हा काही आलं नाही. पैलवानानं हिशेब मांडला. ते सगळ्यात मागच्यालाच नेतं. रोज एक, दुपारी. मग दुसऱ्या दुपारपर्यंत गप्प. आज साहेबांचं मढं मागे होतं म्हणून आपण वाचलो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, मिस्त्रीकाका, तुमचं वय झालंय, समजून घ्या. धाकटी त्याच्या अंगावर धावून गेली.

सायकली शाबूत आहेत. साहेबांची मी घेणार.

१० जानेवारी

मी मागे राहीन म्हटलं. धाकटी राहू देईना. मी हळू झालो की तीही हळू व्हायची. शेवटी दोघं पुढेच निघालो. पैलवान जड अंगाचा, त्याचं चाक वाळूत रुतायचं. दुपार झाली तेव्हा तोच शेवटचा होता.

पावलं वाजली. थप्. थप्.

पैलवान किंचाळला. जीव खाऊन डॉक्टरीणबाईंपाशी पोचला आणि हवा भरायचा पंप त्यांच्या मागच्या चाकात खुपसला. स्पोक तटातट तुटले. बाई तोंडावर आपटल्या. तो उतरला, टाच उचलून त्यांच्या गुडघ्यावर दाणकन मारली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मग पुन्हा मारली. त्या रांगत होत्या, हात पुढे करून. मी ब्रेक दाबला. धाकटी ओरडली, बाबा, नका —

मी ब्रेक सोडला.

बाईंचा आवाज बराच वेळ येत होता. पैलवान आम्हाला गाठून शेजारून चालला होता. ढसाढसा रडत होता. मोडका पंप हातातच होता.

११ जानेवारी

उजाडताना डोळा उघडला. पैलवान धाकटीच्या उशाशी उभा. दोन्ही हातांत दगड, तिच्या गुडघ्यावर नेम धरलेला. ती गाढ झोपेत.

मोठा पाना हाताशी होता. पहिला फटका धाकटीसाठी. दुसरा डॉक्टरीणबाईंसाठी. पुढचे कुणासाठी, मला ठाऊक नाही. त्याचा जबडा एका बाजूला लोंबला, तरी थांबलो नाही. धाकटीनं माझा दंड धरला तेव्हा थांबलो. पान्याच्या तोंडात त्याचा दात अडकला होता.

याच हातांनी पोरांच्या सायकलींत फुकट हवा भरली आहे.

श्वास चालू होता त्याचा. तसाच रस्त्यावर ठेवला. मीच ठेवला. दुपारी लांबून बोबडी हाक आली, मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका. मग नुसता सूर, शब्द नव्हते. मग —



१२ जानेवारी

गावाची पाण्याची टाकी दिसतेय. जवळ वाटते. नाहीये. दुपार आधी होणार.

आता दोघंच. एक पुढे, एक मागे.

सकाळपासून भांडण. ती म्हणते, बाबा, तुम्ही पुढे व्हा. मी म्हणतो, थोरल्यांचं ऐक. दोघंही इतके हळू की सायकली कलंडायच्या. ठरवलंय, माझी चेनच तोडतो. मग तिला जावंच लागेल.

—

खडकाआड जाऊन आलो. माझ्या सायकलची चेन खाली पडलेली. पिन सरळ काढलीय, एक ओरखडा नाही. मीच शिकवलं होतं तिला.

ती लांब गेली. ठिपका झालीय.

रडू आलं. पण बरंही वाटलं. माझं काम वाचवलं पोरीनं. जा गं. पोच.

—

ऊन डोक्यावर. गावाकडे तोंड करून रस्त्यात बसलोय. लिहितोय, म्हणजे मागे बघणार नाही.

थप्. थप्.

मानेवर श्वास. गार. नख खांद्यावर टेकलं, शर्ट फाटला. आता —

ठिपका मोठा होतोय.

वळली. धाकटी वळली. परत येतेय. बाबा, माझ्या मागे बसा, असं ओरडतेय —

नको गं —

श्वास गेला. नख निघालं. पावलं माझ्या शेजारून पुढे गेली. मला का नाही —

तिनं तोंड इकडे केलंय. म्हणजे वाटच उलटी फिरली. आता पुढे मी. मागे —

मागे ती.

ओरडतोय, तिला कळत नाही. हात हलवतेय. वाळूत पावलं उमटतायत, तिला वळसा घालून, तिच्या पाठीकडे —

तिच्याही पलीकडे, गावाच्या बाजूला जायला हवं. मला. आधी. धावतो. तिच्या मागे पोचलो की मग —