आईच्या मिरच्यांना राग हवा

ओश्कुट्झकाब, ९ मे १९८६

चि. सौ. नेइदीस,
अ. उ. आ.

इथे मी आणि कोंबड्या खुशाल. आईच्या हबानेरो मिरच्यांचं मात्र काय सांगू! पहिली रोपं टर्कीने फस्त केली, दुसऱ्या खेपेची पानं मुंग्यांनी कातरून नेली. तिसऱ्यांदा झाडं अशी लगडली की बघत राहावं; पण तिखटाच्या नावाने बोंब! गेल्या नोव्हेंबरात, पितरांच्या दिवसांत, आईच्या पानावर त्याच वाढल्या. शेजारचे गास्पारकाका एक चाखून म्हणाले, तुझी आई पत्ता चुकलाय समजून परत जाईल रे. मी हसलो, पण फार लागलं गं.

आता तिच्या डब्यातलं शेवटचं मूठभर बी उरलंय. हे फसलं की आईचं वाण संपलं. काका म्हणतात, बी चिडलेल्या माणसानेच टोचावं, तरच मिरची तिखट होते. आई नाही का, बाबांना शिव्या घालत टोचायची! मला मेला रागच येत नाही. तू मला चिडवण्यात पटाईत. एक सणसणीत पत्र धाड. परसात उभा राहून वाचीन आणि लगेच टोचीन.

मुलांना गोड पापा.
तुझा,
विल्बेर्तदादा


मेरिदा, १७ मे

विल्बेर्त,

आज नमस्कार नाही नि बिमस्कार नाही!

अरे शेळपटा, टर्कीसुद्धा तुला जुमानत नाही, मिरची काय जुमानणार? तुझ्या हातची भाकरी मांजर हुंगून सोडतं. टांगलेल्या झोळीत घोरतोस तेव्हा गल्लीतली कुत्री उत्तर देतात. आणि ऐक. आईचं घर तुला, परस तुला, बीसुद्धा तुलाच. मला काय, तर फुटका पाटा! एकदा तरी विचारलंस, नेइदे, तुला काय हवंय?

टोच आता!
आजच्यापुरती तुझी कोणी नव्हे,
नेइदी

ता. क. एवढं पुरेल ना रे? नाहीतर आणखी लिहिते.


ओश्कुट्झकाब, १२ ऑक्टोबर

चि. सौ. नेइदीस,
अ. उ. आ.

मिरच्या नुसता जाळ झाल्यात! गास्पारकाका एक चावून हौदात तोंड घालून बसले. वर मलाच म्हणाले, एवढं चिडायचं नसतं रे.

तुझं पत्र वाचताना शेळपट, मांजर, कुत्री, सगळ्याला हसूच आलं. म्हटलं, गेलं बी वाया. मग परसाचं वाक्य आलं आणि असा भडकलो म्हणतेस! तुझ्यावर नाही, आईवर. सगळं माझ्या गळ्यात घालून स्वतः सुटली, आणि तुझ्या लेखी वाईट कोण, तर मी. जिच्या पानासाठी बी टोचत होतो तिलाच बडबडत टोचलं. ते वाक्य तू चिडवायला लिहिलं नव्हतंस, एवढं मलाही कळतं.

मिरच्या पाठव, असा तुझा निरोप पोचला. एकही पाठवणार नाही. विहिरीकडचा अर्धा परस आजपासून तुझा. पितरांच्या दिवसांआधी ये आणि आईच्या पानावर तुझ्या मिरच्या तूच वाढ.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
विल्बेर्तदादा