गुप्त निरीक्षकाचे शेरे

३ मार्च, सोमवार
अखेर जगाला माझी किंमत कळली. मेल आलाय. 'गुप्त ग्राहक-निरीक्षक' म्हणून माझी निवड! अर्ज न करता! ज्या गोडाउनमध्ये एकवीस वर्षं सुपरवायझर होतो, त्यांनी 'उद्यापासून येऊ नका' म्हणून बोळवण केली. गुणांची पारख असावी लागते.
मेलमध्ये माझं नाव नाही. 'प्रिय महोदय किंवा महोदया' असं आहे. बरोबरच आहे, गुप्त कामात नाव कोण लिहितं?
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून निरीक्षणाचा सराव.

४ मार्च
साडेआठला उठलो. निरीक्षण: दूध उतू जात होतं. समोरच बसला होतात तर गॅस बंद करायला काय झालं होतं, असं ही म्हणाली. निरीक्षकाने हस्तक्षेप करायचा नसतो, हे हिला कोण सांगणार.
हिचं सध्या वेगळंच चाललंय. घरात बसून लोकांच्या पँटी आखूड करते, झिपा बसवते. आता तेच चौकातल्या गाळ्यात करायचंय म्हणे. सहा वर्षं पै पै साठवून डिपॉझिटचे ऐंशी हजार जमवलेत, आमच्या जॉइंट खात्यात. वीस तारखेला गाळेमालकाला द्यायचे आहेत. असो. छोटी स्वप्नं.

६ मार्च
ज्यांनी माझी निवड केली, त्या साहेबांचा मेल. ओळखपत्राची फी दोन हजार. पगार देणाराच आधी पैसे कसा मागतो, अशी शंका क्षणभर चाटून गेली. पण फुकटच्या ओळखपत्राला कोण विचारतो? भरले.
घरच्यांनाही सांगू नये, अशी सूचना आहे. जेवताना हिला एवढंच म्हटलं की मी तुला काहीही सांगू शकत नाही. ही म्हणाली, बरं, भाजी वाढू का?

८ मार्च
कुरियरने चेक आला. नव्वद हजार! वीस हजार माझा पगार. उरलेले सत्तर हजार, पैसे पाठवायच्या दुकानातून साहेबांनी दिलेल्या नावावर पाठवायचे आणि तिथली सेवा कशी आहे ते कळवायचं. चेकवर कंपनीचं नाव एक, मेलमध्ये दुसरंच. मोठ्या माणसांच्या दोन-दोन कंपन्या असतात.

१० मार्च, सोमवार
बँकेत चेक भरला. चष्मेवाला कारकून तो उलटासुलटा करून बघत बसला. म्हणे, खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नसतं, निदान आठवडाभर हात लावू नका. आणि यातले थोडे पुढे पाठवा असं कुणी सांगितलं, तर चेक खोटाच समजा. याला कुणी विचारलं होतं?
शेरा: 'कर्मचारी ग्राहकाच्या खासगी बाबतीत नाक खुपसतो. दहापैकी दोन.' ते दोनही अक्षर चांगलं म्हणून.

११ मार्च
खात्यात नव्वद हजार दिसले! घ्या, कारकुनाची अक्कल.
सकाळपासून साहेबांचे तीन मेल. आजच्या आज पाठवा, नाहीतर नेमणूक रद्द. एवढी घाई म्हणजे काम केवढं मोठं असेल!
काळा चष्मा लावून दुकानात गेलो. आत अंधारलं होतं, पायपुसण्याला अडखळलो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, ज्यांना पाठवताय त्यांना कधी भेटलायत? नाही म्हटलं. तिने पेनच खाली ठेवलं. म्हणे, काका, असे पैसे गेले की परत येत नाहीत, चेक बुडाला की बँक तुमच्याकडूनच वसूल करते. घरी जा, काकूंना विचारा.
काका! मला!
शेरा: 'आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते. दहापैकी शून्य. कामावरून काढावे.'
मग पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाच्या कानात इअरफोन, डोळे मोबाइलात. एक प्रश्न नाही. चार मिनिटांत पावती हातात.
शेरा: 'आदर्श सेवा. दहापैकी दहा.'

१३ मार्च
साहेब माझ्या शेऱ्यांवर बेहद्द खूश. बढती! विभागीय मुख्य निरीक्षक. बढतीची फी पाच हजार. भरले. माणसाने स्वतःत गुंतवणूक करावी.

१७ मार्च, सोमवार
बँकेचा मेसेज. चेक परत गेला, नव्वद हजार काढून घेतले. खात्यात तीन हजार उरलेत.
काहीतरी गफलत असणार. साहेबांना सात मेल पाठवले. सातही परत आले, असा पत्ताच नाही म्हणे. सर्व्हर बंद असेल.
संकल्प: उद्या हिला शांतपणे सगळं सांगायचं.

१८ मार्च
सांगितलं नाही. डोकं दुखत होतं. माझं.

१९ मार्च
सांगणारच होतो. पण ही गाळ्यात लावायच्या पडद्याचं कापड मापत होती. टेपचं दुसरं टोक धरा म्हणाली. धरलं.

२० मार्च
गाळेमालकाकडे जायच्या आधी ही बँकेत गेली.
परत आली ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बँकेत कुणी सावध केलं नव्हतं का, असं विचारलं. केलं होतं, म्हटलं. दुकानात? तिथेही. मग म्हणाली, मी इथेच तर होते, चार हातांवर, मला का नाही विचारलं?
गुप्त होतं, म्हणालो. बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली.
संध्याकाळी हिनेच मला पोलीस चौकीत नेलं. तक्रार लिहून घेतली. आशा ठेवू नका म्हणाले.

३१ मार्च, सोमवार
गाळा दुसऱ्याच एका शिवणकामवालीने घेतला. तिला हाताखाली बाई हवी होती. ही आजपासून तिच्याकडे जाते. नऊ ते सात.
सोडायला येतो म्हटलं. नको म्हणाली. डबा घेतला आणि गेली.
अकराच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या वहिनी नवऱ्याची पँट घेऊन आल्या. ताई आहेत का, म्हणाल्या. चौकातल्या गाळ्यात गेलीय, म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला! म्हणाल्या, झालं का एकदाचं दुकान? किती वर्षं झटत होत्या हो ताई! तुमची साथ होती म्हणून जमलं.
मी थँक यू म्हणालो.