नगरपालिकेच्या सौनाच्या (वाफेच्या स्नानगृहाच्या) पुरुषांच्या दाराशी बसवलेला लाकडी उतार न काढण्याबाबत

प्रति,
मा. सार्वजनिक सुविधा अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, हेर्नेसाल्मी

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : सोमवारपर्यंत उतार काढण्याची आपली नोटीस.

महोदया,

१. मी, वेइक्का राउतिओला, नगर वाचनालयात नोकरीस आहे. माझे सांधे जन्मतः सैल असून मोठी जांभई दिली तरी जबडा निखळतो. चाकांची खुर्ची वापरतो. दुखणे कायमचे आहे. शनिवारी सौनाच्या वाफेत बसलो की तेवढा वेळ अंग माझ्याशी बरे वागते.

२. जन्माच्या वेळी माझी नोंद मुलगी अशी झाली होती. ती डॉक्टरांच्या व सरकारदरबारच्या मदतीने दुरुस्त झाली, त्याबद्दल आभारी आहे. मात्र खुर्चीसाठी उतार फक्त बायकांच्या दाराशी आहे. कागदोपत्री बाई होतो तोवर सौनात जाता येत होते. पुरुष ठरलो आणि तीन पायऱ्या आडव्या आल्या. विचारणा केली असता आपल्या कार्यालयाने "पूर्वीचीच व्यवस्था चालू ठेवावी" असे कळवले. त्यानुसार मी दाढीसह बायकांच्या दाराशी गेलो. आतून हिल्काबाई ओरडल्या, "अरे वेइक्का, ये की! तुला एवढासा असल्यापासून बघतोय आम्ही. आता तू आम्हाला बघू नकोस म्हणजे झालं!" सगळ्या हसल्या, मीही हसलो; पण आत गेलो नाही. घरी पोचल्यावर मात्र हसू आले नाही.

३. पुढच्या शनिवारी निवृत्त नावाडी आर्मास ह्युत्तिनेन यांनी मला खुर्चीसकट उचलले. दुसऱ्या पायरीवर माझा खांदा निखळला व त्यांची कंबर धरली. थंडीसाठी सोबतचे टॉवेल अंगाभोवती गुंडाळून, बर्फात, आम्ही रुग्णवाहिकेची वाट पाहत बसलो. ते म्हणाले, "खांदा तुझा गेला, कंबर माझी गेली. पायऱ्या तेवढ्या ठणठणीत!" बरे होताच त्यांनी स्वतःच्या तळ्यावरच्या धक्क्याच्या फळ्या काढून उतार बसवला. त्यावरून मी प्रथमच पुरुषांच्या बाजूला गेलो. छातीवरच्या शस्त्रक्रियेच्या खुणांमुळे अवघडून बसलो होतो. आर्मास यांनी स्वतःची छाती पुढे केली. "ही माझी, हृदयाची. तुझी शिवण जास्त नीट आहे रे." एवढे बोलून त्यांनी वाफेसाठी तापलेल्या दगडांवर पाणी ओतले. पुढे गप्पा माशांवर गेल्या.

४. उतार विनापरवाना आहे, हे मान्य. तो काढल्यास आर्मास दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवणार आहेत, असे त्यांनी मला लेखी नव्हे, पण मोठ्याने सांगितले आहे. तरी तो कायम करावा, ही विनंती. पाहणीसाठी पुरुष निरीक्षक पाठवल्यास त्यांनी कृपया शनिवारी यावे, टॉवेल स्वतःचा आणावा व नोटीस खुंटीला लावून आत बसावे.

उत्तराची वाट पाहणारा, मात्र शनिवार न चुकवणारा,
वेइक्का राउतिओला
दि. १२ फेब्रुवारी

सोबत : डॉक्टरांचा दाखला, उताराचा फोटो.